जपलेली गाडी

नवरा भारी जपणारा. सोफ्यावरचं प्लास्टिक आठ वर्षांत निघालं नव्हतं आणि टीव्हीच्या रिमोटलाही झबलं होतं. बायको म्हणायची, "मला तेवढं वेष्टणातून काढलंत, उपकार झाले!"

त्याची जुनी गाडी हल्ली काळा धूर ओकत होती. पेट्रोलच्या वासाने बायकोचं डोकं उठायचं. चौथ्या मेकॅनिकने काजळीने माखलेले प्लग पाहिले. "साहेब, पेट्रोल भरपूर जातंय, हवाच मिळत नाहीये. एअर फिल्टर बघू."

"त्या डब्याला हात लावायचा नाही! धूळ अडवणारा फिल्टर आहे तो, मी स्वतः जपतो. तुम्ही कार्बोरेटर बघा. सगळे मेले एकाच माळेचे मणी!"

"उघडा हो तुम्ही," नाकाला रुमाल लावून बायको मेकॅनिकला म्हणाली.

झाकण निघालं. आत फिल्टरला गच्च शिवलेली जाड खोळ होती. बायकोने कापड ओळखलं. तिचीच हरवलेली गोधडी!

मेकॅनिकने खोळ उसवायला घेतली, तसा नवरा किंचाळला.


"अहो, काय करताय? फिल्टरला धूळ लागेल ना!"