नवं डोकं

"धड तेच ठेव, डोकं तेवढं बदल," नव्या राजाचा सरदार म्हाताऱ्या शिल्पकाराला म्हणाला. समुद्राकाठच्या त्या नगरात राजा बदलला की चौकातल्या संगमरवरी पुतळ्याचं फक्त डोकं बदलायचं. आजवर तीन डोकी त्यानेच बसवली होती, पण आज हात छिन्नीकडे जाईना.

धड घडवताना त्याने आपल्या तरण्या लेकाला समोर उभं केलं होतं. तेच रुंद खांदे, गुडघ्यावरचा तोच वण. त्या लेकाला गेल्या महिन्यात याच राजाच्या फौजेने वेशीवर कापून काढलं. प्रेतही हाती लागलं नाही.

"नाही म्हणालात तर ते धडही फोडतील," बायको म्हणाली. "तेवढाच तर उरलाय तो." मग त्याने मुकाट्याने मारेकऱ्याचा चेहरा घडवला आणि लेकाच्या खांद्यांवर शिसं ओतून पक्का बसवला.

दुसऱ्या दिवशी ती रोजच्यासारखी चौकात आली आणि पुतळ्याच्या गुडघ्याला मिठी मारून हमसून हमसून रडली.

"बघा रे," सरदार खूश होऊन शिपायांना म्हणाला, "नव्या राजावर म्हातारीची केवढी माया!"

शिल्पकाराने वर न बघता मान डोलावली.