डावा वरचा कोपरा

धप्प! चेंडू भिंतीवर आदळला, गिलाव्याचा पोपडा सुटला आणि खालच्या कुंडीत भुरभुरला.

"भिंत आहे गं ती, चाळणी नव्हे!" भिंतीपलीकडच्या घरातून आवाज आला.

भिंगरीने जीभ चावली. भिंत शेजारच्या गवंडीकाकांची. घराची मागची बाजू, बिनखिडकीची, सपाट. तिच्यावर भिंगरीने खडूने सहा फुटी चौकट आखली होती. तोच तिचा गोल. हातात लॅक्रॉसची काठी, काठीच्या टोकाला जाळीचा खिसा, खिशात मुठीएवढा टणक रबरी चेंडू. काठी फिरवायची आणि चेंडू भिरकावायचा. भिरकावणं तिला झकास जमायचं. जायचं कुठे, ते मात्र चेंडूच ठरवायचा.

संघाच्या बाईंनी काल तोंडावर सांगितलं होतं, "जोर लावलास की नेम जातो, नेम धरलास की जोर जातो. पुढच्या शनिवारी दहा चेंडू देईन. सात डाव्या वरच्या कोपऱ्यात गेले तर संघात. नाहीतर यंदाही बाकावर." बाकावरचं ते तिसरं वर्ष झालं असतं. त्या बाकाच्या फळ्या तिला नावानिशी ओळखत असतील.

सकाळी कामावर निघण्याआधी काका घमेलं घेऊन भिंतीशी आले. भिंगरी दात घासत कुंपणापाशी उभी राहिली. इकडे खड्डे बुजत होते, तिकडे काकांच्या तोंडाचा पट्टा चालू होता.

"बावीस खड्डे! अन् बावीस दिशांना! नेम धरतेस तरी कशाचा?"

"चौकटीचा," ती फेसाळलेल्या तोंडाने म्हणाली.

"हं. केवढी मोठी चौकट," असं म्हणून काका पुढच्या खड्ड्याकडे वळले.

पण तिचं लक्ष आता त्यांच्या हाताकडे होतं. थापीवर माल घेतला की काका भिंतीशी तिरके उभे राहत. पाय रोवलेले. आधी कंबर वळे, मग खांदा, मग कोपर, आणि अगदी शेवटी मनगट, झटकन. फट्! माल भिंतीला घट्ट. खाली एक शिंतोडा नाही. काडीसारखा तो हात, आणि भिंत दणकते काय!

"काका, हात दुखत नाही?"

"हाताने मारतंय कोण? चाळीस वर्षं कमरेने मारतोय. हात नुसता पोचवायला."

त्या संध्याकाळी भिंगरी तिरकी उभी राहिली. पाय, कंबर, खांदा, मनगट. पहिला चेंडू छपरावर गेला. दुसऱ्याने दोरीवरचा काकांचा पायजमा खाली आणला. तिसरा मात्र असा सुटला, की भिंत घुमली आणि तिच्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या सकाळी काकांनी सगळे खड्डे बुजवले. एक सोडून. डाव्या वरच्या कोपऱ्यातला.

"काका, तो एक राहिला."

"राहू दे. उंच आहे. गुडघे कुरकुरतात माझे, फळीवर कोण चढणार?"

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तो राहिला. तिसऱ्याही. बाकी भिंत लोण्यासारखी गुळगुळीत, आणि वर तो एकच काळा डाग. मेला डोळ्यांत खुपायचा. आपल्यापायी काकांची भिंत विद्रूप झाली, म्हणून मनातही खुपायचा. काठी उचलली की दुसरं काही दिसेचना. मग संध्याकाळी चेंडू त्याच्याकडे असे जाऊ लागले, जशी पाखरं ढोलीकडे. सकाळी बुजवायला चौदाच खड्डे उरले, मग सहा, मग दोन. शुक्रवारी काका घमेलं न घेताच आले, भिंतीकडे पाहिलं आणि रिकामे हात झाडत कामावर गेले.

शनिवारी मैदानावर गोलच्या जाळीला शेकडो भोकं होती. भिंगरीला एकच दिसत होतं.

"आठ," बाई म्हणाल्या. संघाच्या यादीत तिचं नाव लिहिलं आणि लगेच मान वर केली. "आता उजवा वरचा कोपरा. समोरची गोलरक्षक रोज डावीकडून चेंडू जाऊ देईल की काय? महिना आहे तुझ्याकडे."

भिंगरी घरापर्यंत धावतच आली.

"काका, आठ! घेतलं मला! आता बाईंना उजवा कोपरा हवाय, पण ते मागाहून. आधी तुमचा तो खड्डा. मी पाडला, मीच बुजवणार."

"बुजव की," म्हणत काकांनी माल कालवला आणि थापी तिच्या हातात दिली.

ती स्टुलावर चढली. इतक्या जवळून तो खड्डा तिने पहिल्यांदाच पाहिला. काठाचे टवके तिच्या चेंडूंनी उडवलेले, ते ओळखू आले. आत मात्र भोक थेट विटेत गेलेलं, दोन बोटं खोल. चौकोनी. चारही कडा ओळंबा धरल्यासारख्या सरळ. रबरी चेंडू गिलावा उडवेल. वीट अशी कापणार नाही.

तिने खाली पाहिलं. काका घमेल्यात उगाचच पाणी ओतत होते.

"काका, गुडघे कुरकुरतात ना तुमचे?"

"कुरकुरतात ना." काकांनी खिशातून छिन्नी काढली आणि बाहीला पुसली. "म्हणून एकदाच चढेन म्हणतो. उजव्या कोपऱ्यात नेमकं कुठे हवंय, तेवढी खडूने खूण कर."