आठ नंबरचा शेवटचा जोड

एका बुटाला इंचात नऊ टाके. दुसऱ्याला सात.

ओल्या पुठ्ठ्याचा वास.

रोज सकाळी अठरा-वीस पाय. काही पूर्ण, काही अंगठ्याविना.

एक पायमोजा, सगळ्या गिऱ्हाइकांत मिळून एकच.

परतीचं विमान उद्या दुपारी.

बुटांची ही खोली परमुलखातल्या एका बॅगांच्या दुकानाच्या वर होती. पडदा सारला की अरुंद जिना, वर छतापर्यंत रचलेले डबे आणि एक ट्यूबलाइट. दुकानदारानं धाकट्या बहिणीला बसायला स्टूल दिलं आणि दादाच्या हातात पायमोजा ठेवला. काळा, नायलॉनचा, तळव्याला ओलसर. आधीचं गिऱ्हाईक त्यांना जिन्यातच भेटलं होतं. दादानं मोजा मुकाट्यानं चढवला. घरी हा माणूस पाण्याचा पेला दोनदा विसळून घ्यायचा.

समोरच्या मॉलमध्ये घेतलेले खरे बूट त्याच्या पिशवीत होते. बड्या कंपनीचे. तिथल्या मुलीनं ते पांढरे हातमोजे घालून दाखवले होते. आठ नंबरचा तो शेवटचाच जोड होता आणि दादाचं आणि वडिलांचं, अप्पांचं, माप एकच. मॉलमध्ये घेताना जोड अप्पांसाठी होता. रस्ता ओलांडेपर्यंत तो दादाचा झाला, कारण मीटिंगमध्ये लोक आधी पायांकडे बघतात, आणि अप्पांना काय, पलंगापासून फाटकापर्यंत तर जायचं. त्यांच्यासाठी नकली बघू, हुबेहूब मिळतात, असं ठरलं. म्हणजे दादानं ठरवलं.

आता तो एका हातात खरा, एका हातात नकली धरून तराजूसारखा झुलत होता. दुकानदारानं थुंकीनं अंगठा ओला करून नकलीच्या टोकावर फिरवला. चकाकी आली. मग तोच अंगठा खऱ्यावर फिरवला, फरक नाही हे पटवायला.

"सांगा नर्सबाई, खरा कुठला, नकली कुठला," दादा म्हणाला.

ती पायांच्या दवाखान्यात ड्रेसिंग करायची. साखरेचे पेशंट, पायाची जाणीव गेलेले. बूट नुसता डोळ्यांनी बघायची तिला सवय नव्हती. तिनं नकलीत हात घातला. अंगठ्याच्या मुळाशी शिवण संपत होती. तिथे दोऱ्याची गाठ होती आणि गाठीवर चिकटवायचं सोल्युशन सुकून काचेसारखं झालेलं. बोट दाबून ओढलं तर बोटाचं सालपट निघालं. पुढे टोकाशी काहीतरी मऊ लागलं. ओढून काढलं. केसांचा पुंजका, सोल्युशनमध्ये माखलेला, कुणाचा कोण जाणे.

तिनं ते सोललेलं बोट दादासमोर धरलं आणि दवाखान्यात दिवसातून दहादा सांगायची तेच पुन्हा सांगितलं. अप्पांच्याही पायांना काही समजत नाही. टोचलं तरी ते चालत राहतील. अप्पांच्या मोज्यावर डाग दिसायला लागलेत, हे वहिनीनंच तिला निघताना सांगितलं होतं. धुतले तरी जात नाहीत म्हणाली होती. आता त्यात हे घातलं तर पाय जाईल.

"समजत नाही ना? मग झालं तर," दादा म्हणाला. "ज्याला समजत नाही त्याला खरा कशाला?"

तो हसला. दुकानदाराला त्यांच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, तरी तोही हसला.

"खरे त्यांना दे," ती म्हणाली. "तू हे घाल."

दादानं नकलीत पाय घातला. दोन पावलं टाकली. तिसऱ्याला थांबला, तोंड वाकडं करून पाय बाहेर काढला.

"मला टोचेल की गं."

हे तो अगदी साधेपणानं म्हणाला. तिला वाटलं, याच्या पायातला तो ओला मोजा आपल्याच तोंडात कोंबलाय. दुकानदार कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये खाकरून थुंकला आणि परत येऊन डबा पुसू लागला.

दादानं चारही बूट समोर मांडले. एका ओळीत, एकसारखे. मग त्याला काहीतरी सुचलं.

"अप्पांना कुठल्या पायाला आहे गं?"

अप्पा त्याच्याच घरात राहत होते. त्याच्या शेजारच्या खोलीत.

"डाव्या," ती म्हणाली. राउंडला डॉक्टरांनी विचारल्यावर सांगावं तसं, लगेच.

दादाचा चेहरा उजळला. त्यानं खरा डावा आणि नकली उजवा उचलून शेजारी शेजारी ठेवला. उरलेले दोन स्वतःकडे ओढले. "दोघांना एकेक खरा. तुझं समाधान, माझंही काम. मी आपला डाव्यात दोन मोजे घालीन. वाकून कोण बघतंय?" वाटणी तंटा न होता उरकावी तसा तो खुशीत होता.

अप्पांचा जोड त्यानं खऱ्या कंपनीच्या डब्यात ठेवला, वर डब्यातलाच पातळ कागद नीट पसरला. डबा तिच्याकडे दिला. तूच दे म्हणाला. तू तपासून दिलेस म्हटलं की ते डोळे मिटून घालतील.

तिनं डबा घेतला. सोललेल्या बोटाचा लाल ठसा झाकणावर उठला, तो तिनं ओढणीनं पुसला आणि जिना उतरू लागली.

डाग कुठल्या मोज्यावर, हे तिनं वहिनीला विचारलं नव्हतं. दादाचं घर तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. अप्पांचे पाय तिनं शेवटचे पाहिले त्याला आठ महिने झाले होते.