हलकं काम

पोस्टमनबाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि वर पेपरवेट ठेवला. साहेबांना चिठ्ठ्या बाजूला सारायची सवय होती.

"मला माझी टेकडीची बीट परत हवी."

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. एकोणीस वर्षं टेकडीवर पत्रं वाटणाऱ्या बाईंना रक्तदाब निघाला, तेव्हा त्यांनीच बाईंना तिकिटांच्या खिडकीवर बसवलं. वर पंखा, खाली गादीची खुर्ची, हलकं काम. उपकार झाले म्हणून बाईंनीही वर्षभर जीभ आवरली होती.

"अहो, तुमच्या जिवासाठीच केलं ना मी? आणि तुम्ही निघालात टेकडी चढायला!"

"डॉक्टरच म्हणतात, चढा. मध्ये महिनाभर रजेवर होते तेव्हा रोज तासभर चालले, तर एकशे सत्तरचं बीपी एकशे छत्तीसवर आलं. पुन्हा खिडकीवर बसले आणि दोन महिन्यांत होतं तिथे. गोळी तीच, साहेब. खुर्ची तेवढी वाढली."

शिक्के मारणारे काका खुदकन हसले. साहेबांनी तिकडे पाहताच ते जोरजोरात शिक्के मारू लागले.

"मग कामावर यायच्या आधी चाला की."

"आधी सासूबाईंची अंघोळ, सगळ्यांचा स्वयंपाक. घरी गेल्यावर पुन्हा तेच. माझ्या दिवसात चालायला एवढीच जागा होती, ती तुम्ही काढून घेतलीत."

बोलताना आवाज चिरकला आणि बाईंना स्वतःचाच राग आला. रडायला आल्या नव्हत्या त्या.

साहेबांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "द्या लिहून. टेकडीच्या पायऱ्यांवर काही बरंवाईट झालं तर जबाबदारी तुमची."

बाईंनी उभ्यानेच लिहिलं, खाली सही ठोकली. मग दुसरा कोरा कागद ओढून साहेबांपुढे ठेवला.

"आता तुम्ही लिहा. खुर्चीत बसून काही झालं तर जबाबदारी तुमची."

शिक्के थांबले. साहेबांनी पेन उचललं, कागदाकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

टेकडीची भरलेली पिशवी कोपऱ्यात पडली होती. ती न्यायला रोज कुणीतरी कुरकुरायचं. बाईंनी ती उचलून खांद्याला लावली.

"अहो, मी हो म्हटलेलं नाही!"

"नाही म्हणून लिहूनही दिलेलं नाही."

तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक झाली. "आत आहे का कुणी? तिकिटं हवी होती."

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी डोकं वर काढलं नाही. शेवटी साहेबच उठले आणि खिडकीमागच्या गादीच्या खुर्चीत जाऊन बसले.

बाई दारात क्षणभर थांबल्या.

"तिकिटं उजव्या खणात आहेत, साहेब. आणि अधूनमधून उठत जा."