कानताईची सही

कानताईने हात वर केला. म्हणजे रेकॉर्ड नापास. बंबने मुकाट्याने सुई उचलली.

गाणं अजून सुरूही झालं नव्हतं. कानताईला गाण्याची गरज पडत नसे. सुई टेकल्यापासून पहिला सूर लागेपर्यंत जी चार-पाच सेकंदांची शांतता असते, तिच्यावरच ती निकाल द्यायची. पैसे तरी त्या शांततेचेच होते. जुनी गाणी काय, कुठेही फुकट ऐकायला मिळतात. या कारखान्यातली एक रेकॉर्ड घ्यायची तर बंबच्या घरचा महिन्याचा किराणा गेला असता. तरी लोक आगाऊ नाव नोंदवून घेत, कारण प्रत्येक कव्हरात एक चिठ्ठी असे: 'ऐकून पास केली.' खाली कानताईची सही. खरं तर दहांतली एक ऐकून ती दहा चिठ्ठ्यांवर सही करी. पण ती एक मात्र कानात प्राण आणून ऐकायची.

तक्रारी येत, नाही असं नाही. वर्षाकाठी पाच-सहा. सगळ्या एकच: कव्हराचा कोपरा दुमडलाय. परत आलेल्या रेकॉर्डवरचा प्लास्टिकचा कागद कोणी फाडलेलाही नसे.

"काय लागलं?" बंबने विचारलं.

"सूं. परवा होती तीच."

बंब छापायचं यंत्र चालवायचा. दिवसभर वाफेत उभा, म्हणून बंब. या आठवड्यात त्याने प्लास्टिकचे दाणे बदलले, साचा धुतला, वाफ कमी केली, जास्त केली. सूं काही हटेना. तीनशे-तीनशेचे दोन लॉट भरडायला गेले. साहेबांनी सकाळीच येऊन सांगितलं होतं की तिसराही गेला तर ताईंनी खुशाल घरी बसावं, ऐकायला यंत्रं मिळतात आता. कानताईला एकतीस वर्षं झाली होती या खुर्चीत. घरी बसून काय ऐकायचं, हे तिला सुचत नव्हतं. तरीही तिने हात वर केला होता. तोंड बघून सही करणाऱ्यांतली ती नव्हती.

"दुसरी लावतो," बंब म्हणाला.

कानताईने हेडफोन नीट बसवले आणि डोळे मिटले. सुई टेकवताना आवाज शून्यावर ठेवायचा आणि टेकली की वाढवायचा, अशी रीत होती. बंबने सुई टेकवली. आवाज वाढवला नाही.

कानताईने हात वर केला.

बंबने या वेळी सुई उचलली नाही. हात तसाच वर राहिला. रेकॉर्ड फिरत राहिली, सुई शांततेची पट्टी ओलांडून गाण्यात शिरली. कानताईच्या कानात गाणं आलं नाही. नुसती सूं. तिने डोळे उघडले, सुईकडे पाहिलं, मग शून्यावरच्या बटणाकडे. हात हळूहळू खाली आला. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. सूं होतीच.

"कधी कळलं तुला?"

"काल शंका आली होती."

"मग त्या सहाशे?"

"चांगल्या होत्या, ताई."

वयानुसार कान जातात, त्याचं कानताईला एवढं वाटलं नाही. पण सहाशे निर्दोष रेकॉर्डी तिने एक हात वर करून भरडायला लावल्या होत्या, त्याने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिडकीपलीकडे ट्रकवाला दार उघडून वाट बघत होता. तिने हेडफोन बंबपुढे धरले.

"तू ऐक. तुझा कान मी तयार केलाय."

तिनेच केला होता. दुसरा कोणी ऐकत असेल तर त्याच्या तोंडाकडे बघू नकोस, छातीकडे बघ, हेही तिनेच त्याला शिकवलं होतं. खोट लागली की ऐकणाऱ्याचा श्वास अडतो. तोंड खोटं बोलेल, छाती बोलत नाही.

बंबने नवी रेकॉर्ड लावली, सुई टेकवली, आवाज वाढवला. शांतता. आणि त्या शांततेत, शेजारच्या खोलीत कोणी फरशीवरून गोणपाट ओढत न्यावं तशी, बारीक खरखर. आता खरोखरची. सहाशे रेकॉर्डी फुकट छापून साचा झिजला होता. नवा साचा घडवायला दोन महिने लागणार होते, आणि त्याआधी साहेब विचारणार होते की पहिल्या सहाशेंना काय झालं होतं.

गाणं सुरू झाल्यावर त्याने हेडफोन काढले.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला.

कानताई त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. तिने पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाली, "दे चिठ्ठ्या."

तीनशे होत्या. पहिल्या काही सह्या तिने नेहमीसारख्या सावकाश केल्या, पुढे पेन आपोआप पळू लागलं. बंब एकेक चिठ्ठी कव्हरात घालत होता. ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. तो कानताईला ऐकू आला, पण मधे सूं ठेवून.

शेवटची चिठ्ठी तिने स्वतः आत सरकवली. मग कव्हर उजेडात धरलं आणि चारही कोपरे बोटाने चाचपून पाहिले. एकही दुमडलेला नव्हता.