खेकडा फुगेना

"नाही फुगला," कॉम्प्युटरच्या पडद्यावरची नजर न काढता उमाकांत म्हणाले. "अजून एक हिवाळा काढावा लागणार."

जयंतीबाई मटकन खुर्चीत बसल्या. रात्रभर आभाळाचे फोटो काढून नवराबायको सकाळीच शहराबाहेरच्या चौमू गावातल्या शेतावरून तिलक नगरातल्या घरी परतले होते. डोक्यावरची कानटोपीसुद्धा त्यांनी काढली नव्हती. गुडघ्यांचे नुसते दगड झाले होते.

कसला मेला हा खेकडा! वृषभ राशीत कधीकाळी एक तारा फुटला आणि त्याचा ढग अजून पसरतोय म्हणे. दहाएक वर्षांच्या अंतराने काढलेले दोन फोटो एकावर एक ठेवून आलटूनपालटून पाहिले, की तो फुगताना डोळ्यांना दिसतो. तो दिसला की हा परमुलूख सोडून साताऱ्याला परत जायचं, असा शब्द उमाकांतांनी विमा कंपनीतून निवृत्त होताना दिला होता. साताऱ्यात घर होतं, धाकटी बहीण होती, मराठीत भांडता येईल अशी भाजीवाली होती. जयंतीबाईंचा जीव तिकडे लागला होता. आणि दर हिवाळ्यात यांचं एकच पालुपद.

एरवी हा माणूस घरात मिठाची गुळणी धरून बसायचा. शेतावर मात्र कॅमेरा चालू झाला, की एका घोंगडीत बसून लहानपणापासूनचं काय काय सांगत सुटायचा. जयंतीबाई हं हं करत थर्मासमधला चहा ओतायच्या.

"आता माझ्याच्याने होत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा खेकडा फुगायच्या आधी मीच फुटेन."

तेवढ्यात त्यांची मुलगी ऋचा शहरातल्याच सोडाला भागातून कचोऱ्या घेऊन आली. वडिलांच्या खांद्यावरून तिने पडद्यावर पाहिलं.

"बाबा, मतलब, हे असं काय जुळवलंय? नवा फोटो लहान करून तुम्ही ढगावर ढग बसवलाय. मग तो फुगलेला दिसणार कसा? तारे जुळवायचे असतात ना! तुम्हीच तर शिकवलंय मला."

"राहू दे गं," उमाकांत घाईने म्हणाले.

पण ऋचाने माउस घेतलासुद्धा. तिने तारे जुळवले आणि फोटो आलटूनपालटून दाखवले. तारे जागच्या जागी राहिले. मधल्या ढगाच्या कडा मात्र बाहेर सरकल्या. मग तिने मधल्या एका हिवाळ्यातला फोटो लावला. त्यातही खेकडा फुगलेलाच होता.

"म्हणजे तुम्हाला केव्हाच दिसलं होतं?" जयंतीबाईंचा आवाज चिरकला. "इतके हिवाळे मला कुडकुडत ठेवलंत? तिकडे माझी बहीण वाट बघून थकली, आणि तुम्ही खुशाल खोटं बोलत राहिलात!"

उमाकांतांनी चष्मा काढला.

"साताऱ्याला गेलीस की तू बहिणीची होणार, शेजारणींची होणार," ते हळूच म्हणाले. "मग घोंगडीत माझ्याशेजारी कोण बसणार, जयू?"

ऋचा कचोऱ्या गरम करायला म्हणून आत निघून गेली. जयंतीबाईंना खूप ओरडायचं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. राग होता, रडूही येत होतं.

"अहो," शेवटी त्या म्हणाल्या, "साताऱ्याला काय आभाळ नाही?"