निपचित

किड्याचे सहाही पाय पोटाशी दुमडलेले होते, पण एका मिशीचं टोक किंचित हलत होतं. म्हणजे मेला नव्हता. धोका टळेपर्यंत मेल्याचं सोंग घेऊन पडला होता. फरशीवर त्याच्याशेजारी पडल्या पडल्या तिनं हे ओळखलं. कुठला किडा ते नीट बघून, पेल्यात धरून बाहेर सोडायचा, एवढाच तिचा बेत होता. “किड्यामुंग्यांवर माया, आणि नवऱ्याला उलट उत्तरं?” म्हणत नवऱ्यानं आधी पेला फोडला होता, मग तिला लाथांनी तुडवलं होतं.

तो दार आपटून बाहेर गेला. अशा प्रत्येक वेळी आतल्या खोलीत गाढ झोपलेली असणारी सासू आज काचा चुकवत आली. तिनं किड्याला कागदावर घेऊन अलगद खिडकीबाहेर सोडलं आणि सुनेच्या ओठावरचं रक्त टिपलं.

“ऊठ, पोरी. माझं झोपेचं सोंग पुरे झालं. पोटच्या पोराविरुद्ध तक्रार मीच देणार.”